डोंगराला ओ देणारी सिनापे

फार फार वर्षांपूर्वी पापुआच्या उंच डोंगरांत तेगिम नावाचं गाव होतं. गावाची बोली इतक्या थोड्या तोंडांत होती, की सगळ्यांना एकदम शिंक आली तर ती बोलीच घटकाभर बंद पडायची, असं म्हणतात.

वरच्या रानात केवड्याच्या जातीची उंच झाडं होती. त्यांची फणसाएवढी फळं उतरवायला गाव वर जायचं, पण आपली बोली खाली ठेवून. वर बोलायची ती निराळी. कुत्र्याला म्हणायचं 'पानं हुंगणारा', पाण्याला 'गार सरपटणारं'. माणसाचं नाव तर घ्यायचंच नाही. कारण डोंगर ऐकतो. ऐकलेलं नाव शिकतो आणि धुक्यातून हाक मारतो. त्या हाकेला गेलेला परत येत नाही.

त्या वर्षी गावातल्या बडबड्या सिनापेचा धाकटा भाऊ झाडावर चढला होता. खाली त्याची नवी बायको यारे उभी होती, दुसऱ्या खोऱ्यातून आलेली. फांदी कडाडली आणि ती किंचाळली, "ओकूम, सांभाळ!"

ओकूम वाचला. पण पाखरं गप्प झाली. धुकं पायांतून वर चढलं, आणि कड्याकडून यारेच्याच आवाजात हाक आली, "ओकूम, सांभाळ!"

यारे तर इथेच होती, तोंडावर हात दाबून.

ओकूम मुकाट उतरला आणि कड्याकडे चालू लागला. सोबतच्या गड्यांनी त्याला कव घातली, तर तो गड्यांनाही ओढत निघाला.

"वन्सं, काय केलं मी हे!" यारे सिनापेला म्हणाली.

"गळा काढू नकोस, ओकूम," सिनापे म्हणाली.

"मी... ओकूम?"

"तू ओकूम, मी ओकूम, हा हुंगणाराही ओकूम. हाक आली की ओ द्या रे सगळे!"

हाक आली. चहूकडून ओ गेली. डोंगर गोंधळला. त्याने इकडून हाक मारली, तिकडून मारली, मग थेट यारेच्या मानेमागून मारली. तीही "ओ" म्हणाली. ओकूमचे पाय थबकले.

पण ओ थांबली की डोंगर खरा ओकूम हुडकणार. कुणीतरी वर राहायलाच हवं होतं.

"व्हा खाली," सिनापे म्हणाली. "माझ्या तोंडाला गाव कंटाळलंय. जरा डोंगरालाही कंटाळू दे."

उतरताना सगळ्यांना ऐकू येत होतं. "ओकूम!" "ओ!" "ओकूम!" "ओ!" मग हाक आणि ओ एकाच, सिनापेच्या गळ्यातून येऊ लागल्या.

ओकूम म्हातारा होऊन आपल्या चुलीपाशी मेला. तेगिमची माणसं आजही रानाच्या तोंडाशी थांबतात आणि तिथे एकच नाव मोठ्याने घेतात, "सिनापे!" ओ आली नाही, तर वर चढतात. ओ आली, तर डोंगर जागा आहे असं समजून रिकाम्या टोपल्या घेऊन मागे फिरतात. ओ देणारी थकलेली असते, असं म्हणतात. तिच्यावर आणखी एका निसटलेल्या नावाचा भार कशाला?