डोंगर तीन दिवस बसला

ऐका तर. एक राजा होता, अगदी समुद्राच्या काठावरचा. त्याच्या राज्यात पाऊस इतका पडायचा की कौलांवर शेवाळ आणि उंबऱ्यात बेडूक. राज्याच्या पाठीशी एक उंच डोंगर होता. समुद्रावरून ढग यायचे, डोंगराला अडायचे आणि सगळं पाणी अलीकडेच ओतून मोकळे व्हायचे. त्यामुळे डोंगराच्या पलीकडे, पंधरा दिवसांच्या वाटेवर, सगळा कोरडा मुलूख. तिथे मातीच्या सपाट धाब्यांची घरं, ज्वारीची शेतं आणि दिवसभर वाहणारा कोरडा वारा.

त्या कोरड्या मुलखातली हौसा राजाची सून होऊन आली.

राजाच्या घरची रीत अशी, की सगळ्या राज्याचं बियाणं नव्या सुनेनं सांभाळायचं. मग हौसानं माहेरी पाहिलं होतं तसंच केलं. जमिनीत खोल पेव खणलं, आत कडबा अंथरला, भात ओतलं आणि तोंडावर दगड ठेवून शेणामातीनं लिंपलं. माहेरी अशा पेवात धान्य सात-सात वर्षं टिकायचं, बरं का. सासूबाईंना वाटलं, एवढ्या लांबून आलेली पोर, तिच्याकडची काही निराळी विद्या असेल. त्या काही बोलल्या नाहीत.

पण समुद्रकाठची जमीन पोटातून ओली असते. पेरणी आठ दिवसांवर आली तेव्हा पेव उघडलं, तर आंबूस वास. कडेचं भात काळं पडलेलं. मधलं अजून जिवंत होतं, पण ओलं. चार दिवसांत तेही कुजणार. आभाळ झाकोळलेलं, ऊन नाही. आणि राज्यभराचं बियाणं चुलीवर किती वाळवणार? बी गेलं तर सगळं राज्य वर्षभर उपाशी.

मग हौसा समुद्राकडे गेली. समुद्र म्हणाला, माझ्याजवळ ओलच आहे. मग ती ढगांना विनवू लागली. ढग म्हणाले, आम्हाला थांबता येत नाही. मग ती डोंगरापाशी गेली.

"मी खाली बसलो," डोंगर म्हणाला, "तर तुझ्या माहेरचा वारा इकडे येईल. पण मग ढगही तिकडे जातील. तुझ्या आईचं घर मातीचं आहे, पोरी. कधी उठायचं ते तूच सांग."

हौसानं मान डोलावली. डोंगर बसला.

पहिल्या दिवशी वारा आला. त्याला कडब्याचा वास होता. हौसाला रडू आलं, पण रडायला वेळ कुठला? अंगणाअंगणांत भात पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी बायका पायानं भात फिरवत राहिल्या, आणि दाणा दाताखाली कडक लागू लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावरून काळे ढग निघाले. सगळ्यांचं बी वाळलं होतं. राजाच्या अंगणातलं तेवढं दमट होतं, कारण ते सगळ्यांत शेवटी पसरलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "एवढं वाळू दे, सूनबाई. आपल्याच शेताचं आहे."

हौसानं भातात हात घातला. बोटांना ओल लागली. तिनं एकदा ढगांकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

"ऊठ, बाबा," ती म्हणाली.

डोंगर उठला. ढग त्याच्यावर आदळले आणि अलीकडे पाऊस कोसळला. त्या वर्षी राज्यभर शेतं हिरवी झाली, राजाचं एकट्याचं शेत पडीक राहिलं. मग घराघरातून सूपभर भात राजाच्या घरी आलं. सासूबाईंनी हौसाला पेंढ्यात बी बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायला शिकवलं. आधीच सांगायला हवं होतं, असंही म्हणाल्या.

दिवाळीला माहेरचा माणूस आला. घरं शाबूत होती, सगळी सुखरूप होती. आईनं एवढंच विचारलं होतं, की उन्हाळा सरताना तीन दिवस धाब्यावरून, डोंगराच्या जागी, लांब एक निळी रेघ दिसत होती. ती काय होती गं?

हौसानं निरोप दिला, "आई, तिथं माझं घर आहे."

मग ओल्या मुलखातली माणसं सुखानं नांदली, कोरड्या मुलखातलीही नांदली. आता पांघरुणं ओढा आणि डोळे मिटा पाहू.