गुण्या आणि लांबी

हत्यारं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. दिगंबर सुताराच्या पिशवीत काटकोन तपासायचा एक गुण्या होता. अंगात काटकोन नसलेल्यांशी तो बोलतच नसे.

एका घरात छताखाली सागाची पट्टी बसवायची होती. पट्टी तेवढीच उरली होती.

करवत म्हणाली, "गुण्याभाऊ, आधी कोपऱ्याला लागून बघा. भिंत तिरकी वाटते."

"कोपरा म्हणजे काटकोन. बघायचं काय त्यात? नुसती लांबी घ्या, बाई, आणि अर्ध्या काटकोनात कापा."

करवतीनं कापलं. कोपऱ्यात बोटभर फट राहिली.

"भिंत चुकली," गुण्या म्हणाला.

भिंत आधीपासून तशीच होती.

फटी बुजवायची लांबी डब्यात पेंगत होती. तिनं झाकण सरकवलं.

"मघाशी मलाच घ्या म्हणालात ना, गुण्याभाऊ?"