आचाऱ्याचा आग्रह

एका गावात हरबा नावाचा एक आचारी होता. त्याच्या पंगतीत बसणं सोपं, उठणं कठीण. कुणी पानावर आडवा हात धरला, तर हा हातावरच जिलबी ठेवायचा. नको म्हणणारा लाजत असतो, असा त्याचा पक्का समज होता.

पण त्याच्या घरातलंच एक पान भरलेलं राहायचं. त्याची लेक वेणू दोन घास खाऊन पोट धरायची. खाल्लेलं उलटून पडायचं. बरोबरीच्या मुली उंच झाल्या, ती होती तेवढीच राहिली. आचाऱ्याची पोर आणि उपाशी, असं लोक म्हणत. ते हरबाला झोंबायचं. मग तो आणखी तूप वाढायचा, आणखी आग्रह करायचा. वेणूने रडत तोंड मिटलं, की तिलाच हट्टी म्हणायचा.

एकदा पोट टम्म फुगून वेणू निपचित पडली, तेव्हा तो तिला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात धावला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, की हा क्रोन नावाचा आजार आहे. त्यात आतडं सुजतं, आणि सुजून सुजून वेणूच्या आतड्याची एक जागा अगदी अरुंद झाली आहे. तूर्त औषधं द्यायची आणि फक्त पातळ आहार. हरबाला ते पटेना. वाळलेल्या पोरीचं जेवणच तोडायचं म्हणजे काय?

बाईंनी विचारलं, "हरबा, जिलबीच्या कापडाचं भोक बुजलं, तर तुम्ही जोरात दाबता का?"

"छे, कापड फाटेल. आधी भोक मोकळं करायचं."

तो बोलून गेला. आपण लेकीचं काय करत होतो, ते कळून त्याला रडू कोसळलं.

घरी आल्यावर खरी कसोटी लागली. आत्या लाडू घेऊन आली, शेजारीण थालीपीठ. दोन घासांनी काय होतंय, असं जो तो म्हणे. वाढण्यात जन्म गेलेला हरबा दारातच हात जोडून सगळ्यांना परत पाठवी. लोकांनी त्याला दगडाच्या काळजाचा ठरवलं. त्याने ते ऐकून घेतलं.

औषधांनी सूज उतरली, पण ती जागा जुन्या व्रणाने घट्ट झाली होती. मग बाईंनी वेणूला भूल दिली, दुर्बिणीच्या नळीतून इवलासा फुगा आत नेला, तिथे बेताने फुगवला आणि वाट रुंद केली. औषधं पुढेही चालणार होती, फुगा पुन्हाही लागू शकत होता. हरबाने सगळ्याला मान डोलावली.

हळूहळू मऊ भात सुरू झाला. वेणूचे गाल भरू लागले. एके दुपारी तिने ताटली चाटूनपुसून खाल्ली आणि बापापुढे धरली.

"बाबा, अजून वाढा."

हरबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने बेताचाच भात वाढला, आणि तसाच हातात पळी घेऊन अंगणात जाऊन साऱ्या आळीला ओरडून सांगितलं, "आमच्या वेणूनं मागून घेतलं!"

तात्पर्य: वाट अडली असेल तिथे जोर कामाचा नाही, मग तो मायेचा का असेना. आधी वाट मोकळी करावी.