सनदेची कल्हई

“भट्टी विझव! महाराजांचा हुकूम आहे!”

शिपायाचा आवाज ऐकला आणि कोंडाजी कल्हईकराच्या हातातला कापसाचा बोळा तसाच राहिला. तीस वर्षं त्याने धामणगिरीतल्या घराघरातली पितळी भांडी लख्ख करून दिली होती. आता हुकूम निघाला की उद्योगविद्यालयाची सनद ज्याच्याकडे नाही, त्याने धंदा करायचा नाही!

“मग काढतो की सनद,” कोंडाजी म्हणाला.

“लेखी परीक्षा आहे. शंभर प्रश्न!”

कोंडाजीला अंगठा उठवण्यापलीकडे काही लिहिता येत नव्हतं. 

हे सगळं निघालं होतं महाराज उदयभानांच्या प्रगतीच्या वेडातून. शेजारच्या राज्यातला भांड्यांचा बाजार जोरात चालतो, परगावचे व्यापारी तिकडेच वळतात, हे पाहून महाराजांनी कारागीर घडवायचं विद्यालय काढलं. काढलं ते बरंच केलं! पण त्याचे मुख्य नेमले हेरंबशास्त्री, आणि शास्त्रीबुवांनी जन्मात कधी चूलसुद्धा फुंकली नव्हती. त्यांनी कल्हईवर चाळीस व्याख्यानं झोडली. कथलाचा इतिहास झाला, तापल्या भांड्यावर भुरभुरायच्या नवसागराचे सतरा गुण पाठ झाले. भात्याची चित्रं तर विद्यार्थी अशी सुरेख काढत की बघत राहावं! भट्टी तेवढी एकदाही पेटली नाही. पेटवली असती तर नव्या इमारतीच्या भिंती काळ्या झाल्या असत्या ना!

सहा महिन्यांत दोनशे सनदा वाटून झाल्या. सनदधारकांनी कल्हई केलेली भांडी व्यापाऱ्यांनी आठवड्यात परत आणून आदळली. शास्त्रीबुवा डगमगले नाहीत.

“महाराज, दोष गिऱ्हाइकांचा आहे. त्यांना शिक्षणच नाही! त्यांच्यासाठीही एक विद्यालय काढू या. आणि तोवर हे बिनसनदी लोक आधी बंद करा.”

महाराजांना ते पटलं. शास्त्रीबुवांचं बोलणं त्यांना नेहमीच पटायचं, कारण ते फार लांब असायचं.

कोंडाजीची मुलगी सगुणा मात्र उठली ती थेट दरबारात गेली.

“महाराज, माझ्या बाचं काम या दोनशे जणांपेक्षा चांगलं हाय. त्याची भट्टी चालू द्या.”

“पुरावा?” महाराजांनी भुवया चढवल्या.

“तुमचा मुदपाकखाना इचारा की!”

“आचाऱ्याकडे सनद आहे का?” शास्त्रीबुवा गरजले. “नाही! मग त्याचं मत कसलं?”

महाराज खूश झाले. पोरीची जिरवावी म्हणून त्यांनी पेच टाकला. “ऐक मुली. उद्या दुपारपर्यंत खुद्द शास्त्रीबुवांनी, भर दरबारात, स्वतःच्या तोंडाने तुझ्या बापाचं काम पसंत केलं पाहिजे. तू त्यांच्याशी वाद घालायचा नाही. जमलं तर भट्टी चालू. नाही जमलं तर तिन्हीसांजेच्या आत बापलेकीने राज्य सोडायचं!”

“मी आजवर माझ्या गुरूंचंही म्हणणं मान्य केलेलं नाही!” शास्त्रीबुवा अभिमानाने म्हणाले.

सगुणा बोलली एवढंच, “मान्य हाय. मला मुदपाकखान्यातली कल्हई उडालेली, सारखी दोन पितळी पातेली द्या.”

त्याच दुपारी एका पातेल्याला कोंडाजीने कल्हई केली. दुसऱ्याला केली विद्यालयातल्या पहिल्या क्रमांकाच्या दामोदराने. त्याने आधी कल्हईची व्याख्या म्हणून दाखवली, मग पातेलं धड तापायच्या आतच कथील घासून मोकळा झाला. शास्त्रीबुवा म्हणाले, “अप्रतिम!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आंबट ताकाची कढी केली, दोन्ही पातेल्यांत निम्मी निम्मी ओतली आणि झाकणं ठेवली. दुपारी दरबारातच पाट मांडला.

“शास्त्रीबुवा, वाद घालायची मला बंदी हाय. जेवू घालायची न्हाई ना? बसा!”

कढी म्हणजे शास्त्रीबुवांचा जीव की प्राण. ते बसले, भाताला आळं केलं. सगुणाने एका झाकणाला हात घातला.

“थांब!” शास्त्रीबुवांनी ताटावर हात आडवा धरला. “हे पातेलं कोणाचं?”

“दामोदराचं. तुमचा पहिला नंबर!”

“आणि कढी कधीची आहे?”

“सकाळपासून हाय की यातच.”

शास्त्रीबुवा पाटासकट मागे सरकले. “नको, नको! ती राहू दे! मला कोंडाजीच्या पातेल्यातली वाढ!”

महाराज सिंहासनावरून पुढे झुकले.

“अहो शास्त्रीबुवा, अजून झाकणसुद्धा उघडलेलं नाही!”

सगुणाने झाकण उचललं. कच्ची कल्हई सुटून उघड्या पितळेत कढी कळकून हिरवीगार पडली होती! दुसऱ्या पातेल्यातली मात्र जशीच्या तशी पिवळीधमक. महाराज पोट धरधरून हसले.

“जिंकलीस, पोरी! कोंडाजीची भट्टी पेटव आणि उद्यापासून विद्यालयात त्यालाच शिकवायला बसव. आता तुझं बक्षीस माग.”

“एकच मागते. यापुढं सनद द्यायच्या आधी पोरानं कल्हई केलेल्या भांड्यातली कढी त्याच्या गुरुजींनी भर दरबारात प्यावी.”

“मंजूर!”

“आणि शेजारच्या पाटावर आपण बसावं, महाराज.”

महाराजांचं हसू थबकलं. “आम्ही? आम्ही कशाला?”

“सनदेवर शिक्का कुणाचा असतो, महाराज?”

महाराजांनी एकदा त्या हिरव्या कढीकडे पाहिलं, एकदा शास्त्रीबुवांकडे पाहिलं, आणि ते असे काही खदखदून हसले की दरबारही हसायला लागला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाच्या हातात घातलं आणि डोळे पुसत प्रधानाला म्हणाले, “आधी वाटलेल्या त्या दोनशे सनदा आजच्या आज परत मागवा! तेवढी कढी आम्हाला झेपायची नाही!”