डागी आधी

"तिला मी डागीच वाढते. चांगल्याची चव एकदा लागली, की पुढे जड जातं," असं सासू सासऱ्यांना हळूच म्हणाली. नवी सून तेव्हा कोठीच्या दाराआड केर काढत होती. आवाज होऊ नये म्हणून तिने केरसुणी जमिनीवरून उचलून धरली. पण ऐकायचं नव्हतं ते ऐकून झालं होतं.

ही गोष्ट फार पूर्वीची, खाडीकाठच्या एका गावातली. त्या घराच्या परसात आंब्याची मोठाली झाडं होती. मोसमात कोठीत गवत पसरून अढी लागायची, आणि अढी लागली की घरचा कायदाही लागू व्हायचा: डागी आधी.

सासू रोज सकाळी अढी चाळायची. देठाशी काळे पडलेले, मऊ झालेले आंबे वेचून काढायची. कुजका भाग परसातल्या खड्ड्यात, उरलेला पानात. नुकते तयार झालेले पिवळेधमक आंबे मात्र हातात घेऊन ती क्षणभर बघत राहायची आणि परत गवतात ठेवायची. "हे उद्या चालतील," म्हणायची. उद्यापर्यंत त्यांच्याही देठाशी काळं आलेलं असायचं, मग त्यांची पाळी यायची. आंबा वाया जाऊ नये म्हणून त्या घरात इतकी काळजी घेतली जायची, की खड्डा रोज टोपलीभर आंबा खायचा.

सुनेला हे सगळं दिसलं. नव्या नवरीला दिसतं लगेच, बोलायला वेळ लागतो. नवरा गलबतावर गेलेला, त्यामुळे तिचं बोलणं बहुतेक चुलीशी आणि मांजरीशी चाले.

तिच्या माहेरी एकच झाड होतं. त्याचा आंबा खोबऱ्यासारखा घट्ट, म्हणून त्याला खोबऱ्या म्हणत. तिथे अढीला कायदा नव्हता. सकाळी घरात वास सुटला की वडील पायरीवर बसून तयार आंबे कापायचे, जास्तीचे शेजारी जायचे, आणि संध्याकाळी दिवा लावतानाही बोटांना तो वास असायचा. सासरी आल्यापासून ती कधीकधी उगीचच बोटं नाकाशी न्यायची. हळदीचा वास यायचा, राखेचा यायचा. तो यायचा नाही.

एके दिवशी होडीवाल्याबरोबर माहेरून करंडी आली. गवतातून खोबऱ्याची बाकदार चोच दिसली आणि सुनेला वाटलं, घरचंच कोणी भेटायला आलंय. सासूने करंडी अढीत रिकामी केली. घरात आपलं-तुपलं नको, असं तिचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं.

मग एका सकाळी केर काढताना तो वास आला. सुनेने धीर करून विचारलं, त्यातला एक आज कापू का? सासू म्हणाली, उद्या; आज हे डागी संपू देत. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. शेवटी खोबऱ्या पानात आला तो अर्धा, काळं कापून काढलेला. वास केव्हाच गेला होता.

सासऱ्यांनी फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "तुझ्या माहेरचे आंबे असेच का गं, पचपचीत?"

सून मान खाली घालून जेवली. करंडीत गवत दाबून भरणारे वडील तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

त्या दुपारी सासू-सासरे आडवे झाले होते. सून कोठीत गेली. शेवटचे काही खोबऱ्या आंबे त्याच दिवशी तयार झाले होते. एक तिने नाकाशी धरला. बघायला कोणी नव्हतं. खड्ड्यात इतक्या कोयी, त्यात एक आणखी, कोणाला कळणार?

पण दाराआड उभं राहून खाल्लेला आंबा पायरीवरच्या आंब्यासारखा लागला नसता. आणि उरलेले उद्या पुन्हा पचपचीत ठरले असते, वडिलांच्या नावासकट.

तिने सगळे तयार आंबे पाण्यात टाकले. डागी साफ केले, त्यांचा रस तूप लावलेल्या ताटांत पसरला आणि आंबापोळीची साटं घालायला ताटं उन्हात मांडली. मग ओटीवर बसून खोबऱ्या कापला. वासाने दोघं उठून बाहेर आली.

"चांगले कापलेस?" सासू म्हणाली. "आणि डागी?"

सुनेने अंगणातल्या ताटांकडे बोट दाखवलं. तोवर सासऱ्यांनी फोड उचलली होती. ते साल दातांनी खरवडत राहिले. माहेरच्या आंब्याबद्दल त्या घरात पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

सासूने एक फोड घेतली, पण ती तशीच हातात धरून बसली.

"मी नवी होते, तेव्हा मीही एकदा मागितला होता," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई म्हणाल्या, उद्या. तो उद्या कधी आलाच नाही, पण चांगल्याची वाट बघायची सवय जाता जात नव्हती, गं. तुला तसं जड जाऊ नये म्हणून डागीच वाढत होते."

दाराआडून ऐकलेलं ते वाक्य सुनेला आत्ता कुठे पुरतं ऐकू आलं. त्या घरात कधी आवाज न चढवलेली ती, सासऱ्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली,

"सासूबाई, तुमचा तो उद्या आज आलाय. आधी खा. बाकीचे मी शेजारी देऊन येते, तेही आजच."

तात्पर्य: उद्यासाठी राखलेलं अन्न उद्या तसंच राहत नाही, तयार होईल तेव्हा खावं, जास्तीचं वाटावं, आणि नासू लागलेलं वेळीच टिकवावं.