फवारणी पंपाचा सत्कार

औजारं बोलायची आणि माणसं ऐकायची नाहीत, त्या काळातली गोष्ट. भेंडीच्या वावरात फवारणीचा एक पंप होता, भारी ऐटबाज. ‘औषधाच्या बाटलीवर एक झाकण लिहिलंय? मग दोन ओता!’ हा त्याचा खाक्या.

पानावरचा लाल ठिपकेवाला ढालकिडा म्हणाला, ‘दादा, भेंडीचा रस शोषणारी ही मावा कीड आम्ही खातोच की. जरा दमानं घ्या.’

‘मला शिकवतोस?’ म्हणत पंपानं फवारा सोडला. ढालकिडे मेले, कोळी मेले, मातीतली गांडुळंसुद्धा मेली. पानाआड दडलेला थोडा मावा तेवढा वाचला. पंप खुशीत गोठ्यातल्या खुंटीवर जाऊन बसला.

काही दिवसांनी गोठ्यात वाजतगाजत मिरवणूक आली. पंप बघतो तर काय, मावाच! लेकराबाळांसकट, शाल-नारळ घेऊन.

‘मामा, सत्काराला चला. आमचे सगळे वैरी तुम्ही एकट्यानं संपवलेत!’