घरात बसून गावाला गेलेली माणसं

एका गावात एक भोळा पोरगा होता. नाव भिवा. ओठावर मिशी आली होती, पण काम मात्र सांगितलं तेवढंच करायचा. 'दुधाकडे बघ' म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत बघत बसायचा. आई म्हणायची, "हा अगदी माझ्या भावावर गेलाय."

आईचा भाऊ लांब समुद्राकाठी एकटा राहायचा. आईनं त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. यंदा सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं ठरलं. लाडू बांधले, पिशव्या भरल्या. आणि निघायच्या सकाळी आई सारवलेल्या अंगणात घसरली. पाय मोडला. प्लॅस्टर घातलं. जाणं राहिलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली.

भिवाचे वडील, आबा, म्हणाले, "कुणी तोंड पाडायचं नाही. आपण मामाच्या गावाला गेलोय असंच धरायचं. कुणी विचारलं तरी तसंच सांगायचं."

मग त्यांनी परसात वाळू पसरली. मोठं घमेलं पाण्यानं भरलं, त्यात मूठभर मीठ टाकलं. भिवाच्या धाकट्या बहिणीनं, तानीनं, कागदी होड्या सोडल्या. आईची बाज वाळूत मांडली. आई पाणी चाखून म्हणाली, "अगदी माहेरचं." आणि हसली.

गावाला जाताना घराला कुलूप लावतात, एवढं भिवाला ठाऊक होतं. त्यानं बाहेरून कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या चिमाकाकूंना दिली आणि ओट्यावर बसला.

आतून आबांनी दार वाजवलं. "भिवा, दार उघड."

"आत कोण आहे?"

"मी, तुझा बाप."

"आबा तर गावाला गेलेत."

आबा परसाची भिंत चढून बाहेर आले. धोतर भिंतीवरच राहिलं. ते म्हणाले, "येड्या, घरात माणूस असलं की दार उघडं ठेवावं."

"बरं आबा."

दुसऱ्या दिवशी आबा न्हाणीत अंघोळीला बसले. आत माणूस आहे म्हणून भिवानं दार सताड उघडलं. ते परत लागू नये म्हणून दगडही लावला. तेवढ्यात चिमाकाकू विरजण मागायला आल्या आणि विरजण न घेताच गेल्या.

आबा पंचा गुंडाळत ओरडले, "अरे, आत माणूस असलं की दारात उभं राहावं. येईल त्याला परत पाठवावं."

"बरं आबा."

तिसऱ्या दिवशी चिमाकाकूंनी मोठ्या मनानं बोंबलाचं कालवण केलं. म्हणाल्या, समुद्रावर गेलेत तर मासळी नको का? पातेलं घेऊन आल्या. दारात भिवा उभा.

"परत जा काकू. आत माणूस आहे."

"अरे, त्या माणसासाठीच आणलंय."

"म्हणूनच परत जा."

काकू फणकाऱ्यानं पातेल्यासकट गेल्या. आत सगळे भात वाढून बसले होते. शेवटी भातावर मीठ घेतलं.

आबांनी हात जोडले. "भिवा, आता नवं काही शिकू नकोस. पहिल्या दिवशी मी जे सांगितलं, तेवढंच कर."

"बरं आबा."

चौथ्या दिवशी भिवा ओट्यावर बसला होता. बाकीचे मागं परसात. एक माणूस घामाघूम होऊन आला. खांद्यावर नारळांचं पोतं.

"भिवा ना तू? मी मामा. ताईचा पाय मोडल्याचं कळलं, तसाच निघालो. कुठाय ताई?"

"मामाच्या गावाला गेलीय."

"माझ्याकडे? मोडक्या पायानं गेली कशी?"

"बाजेवर बसून गेली."

मामानं दाराकडे पाहिलं. "मग कुलूप कसं नाही?"

"माणसं असली की दार उघडं ठेवतात."

"म्हणजे माणसं आहेत?"

"आहेत. पण गावाला गेलीत."

मामा विचारात पडला. शेवटी आईचाच भाऊ तो. कपाळावर हात मारून म्हणाला, "अरेरे, माझ्या घराला तर कुलूप आहे. ताई उन्हात दारात बसली असेल." पोतं तिथंच टाकून तो एसटीकडे पळत सुटला. कोपऱ्यावर एसटी उभीच होती. ती लगेच सुटली.

परसातून आईची हाक आली. "भिवा, माझ्या भावासारखा आवाज आला रे. कोण होतं?"

"मामा."

आई बाजेवर उठून बसली. "कुठाय?"

"तुला भेटायला गेला."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भिवानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडतेस कशाला, आई? तू तिथंच आहेस ना? संध्याकाळपर्यंत पोचेल तो."